मूत्रपिंड, औषधाची मात्रा आणि रोजचा हिशेब

लातूर, नांदेड, अंबाजोगाई इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मेडिसिन वॉर्डात क्रिएटिनिन वाढलेला रुग्ण दिसला तर कुणाला नवल वाटत नाही. कुणी जुलाब-उलट्यांनी कोरडा पडून येतो, कुणी आठवडाभराच्या तापानं, कुणी घोणस चावल्यावर. कुणी एप्रिल-मेच्या उन्हात रानात राबलेला असतो आणि अंगदुखीवर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या खात असतो. काहींची किडनी दहा-पंधरा वर्षांच्या मधुमेहानं आधीच निम्मी झालेली असते आणि त्यावर हा नवा आजार येऊन पडतो. अशा रुग्णाला औषध किती द्यायचं, या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘किडनी कमी, तर डोस कमी’. हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे, आणि त्याची किंमत रुग्ण दोन्ही बाजूंनी मोजतो. पुस्तकांत आणि औषधांच्या माहितीपत्रकांत जे डोसचे तक्ते असतात, ते बहुतांशी किडनीचा आजार जुना आणि स्थिर असलेल्या, एरवी बऱ्या असलेल्या लोकांना औषध देऊन तयार केलेले असतात. मराठवाड्याच्या वॉर्डातला रुग्ण तसा नसतो. त्याची किडनी आज एका अवस्थेत असते, परवा दुसऱ्या. म्हणून मात्रा एकदा कमी करून केसपेपरवर लिहून टाकणं पुरेसं नाही, ती रोज नव्यानं ठरवायला हवी. पहिल्या दिवशी काही औषधं पूर्ण मात्रेत द्यावीत, काही पहिल्या तासापासून सांभाळून द्यावीत, आणि कोणतं औषध कोणत्या गटातलं हे आधीच ठरलेलं असावं, असं या लेखाचं म्हणणं आहे.

सगळीच औषधं लघवीवाटे बाहेर पडत नाहीत. सेफ्ट्रियाक्सोन, डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन, मलेरियावरचं आर्टेसुनेट यांची मात्रा किडनीसाठी सहसा बदलावी लागत नाही. सर्पदंशावरची लस तर रुग्णाच्या किडनीकडे पाहून ठरतच नाही. ती अंगात शिरलेल्या विषावर काम करते, म्हणून लघवी बंद झालेल्यालाही तेवढीच द्यायची आणि लहान मुलालाही तेवढीच. याउलट जेंटामायसिन, अमिकासिन, व्हॅन्कोमायसिन, डिगॉक्सिन, गॅबापेंटिन, असायक्लोव्हिर यांचा बाहेर पडण्याचा मुख्य रस्ता किडनीच आहे. तरुण, निरोगी माणसाच्या रक्तातलं जेंटामायसिन निम्मं व्हायला दोन-तीन तास लागतात. किडनी बंद असेल तर तेच दोन-दोन दिवसांवर जातं. इथं एक बारकावा आहे आणि तो बऱ्याचदा निसटतो. पहिला डोस शरीरात औषध किती जागेत पसरणार यावर ठरतो, ते बाहेर किती वेगानं पडणार यावर नव्हे. सेप्सिसच्या रुग्णाला सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या लागतात तेव्हा ही जागा उलट वाढलेली असते. शिवाय औषध सावकाश बाहेर पडत असेल तर छोट्या-छोट्या डोसांनी रक्तातली पातळी स्थिर व्हायलाही तेवढाच जास्त वेळ लागतो. म्हणजे किडनी बिघडलेल्या रुग्णाला पहिलाच डोस निम्मा दिला, तर ज्या चोवीस तासांत जंतू आवरायचे त्या चोवीस तासांत औषध पुरेसं पोचलेलंच नसतं. डिगॉक्सिनसारखे अपवाद आहेत, तिथं पहिला डोसही कमीच द्यावा लागतो. पण बहुतेक अँटिबायोटिक्सचा पहिला डोस पूर्ण, आणि हिशेब दुसऱ्या डोसापासून, हा नियम पक्का आहे.

हिशेब कशावरून करायचा, तर क्रिएटिनिनवरून. लॅबच्या कागदावर १.२ हा आकडा दिसला की तो ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसतो आणि नजर पुढं सरकते. पण हा आकडा एकटा काही सांगत नाही. समजा ६५ वर्षांची, ४२ किलो वजनाची, १४८ सेंटिमीटर उंचीची एक शेतमजूर बाई आहे आणि तिचं क्रिएटिनिन १.२ आहे. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात तिचं वय, वजन आणि क्रिएटिनिन घातलं की किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला साधारण ३१ मिलिलिटर निघते. त्याच वॉर्डात २५ वर्षांचा, ८० किलोचा मुलगा आहे, क्रिएटिनिन तेच १.२. त्याचं उत्तर येतं १०६. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि त्या बाईच्या अंगावर स्नायूच थोडे आहेत. म्हणून किडनी एक-तृतीयांशावर आली तरी रक्तातला आकडा सभ्य राहतो. आता अनेक लॅब रिपोर्टवर ‘ईजीएफआर’ छापून देतात. नव्या, २०२१ च्या सूत्रानं या बाईचा ईजीएफआर सुमारे ५० येईल. पण तो १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाच्या शरीराला धरून काढलेला असतो. तिच्या शरीराचा पृष्ठभाग १.३१ चौरस मीटर. तेवढी दुरुस्ती केली की ५० चे ३८ होतात. एकच बाई, एकच रक्ताचा नमुना, आणि हाती येतात ५०, ३८ आणि ३१ असे तीन आकडे. यांतला कोणता धरला यावर मेटफॉर्मिन नव्यानं सुरू करायचं की नाही, हे बदलू शकतं.

सूत्रांच्या जन्मकथा माहीत असल्या की त्यांच्यावर किती भार टाकायचा हे कळतं. डोनाल्ड कॉकक्रॉफ्ट आणि हेन्री गॉल्ट यांनी आपलं सूत्र १९७६ मध्ये ‘नेफ्रॉन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. कॅनडातल्या २४९ रुग्णांवरून ते काढलं होतं आणि ते रुग्ण जवळजवळ सगळे पुरुष होते. बायकांसाठी ०.८५ नं गुणायचं, हा भाग मोजून आलेला नव्हता, स्नायूंच्या अंदाजावर बेतलेला होता. जगभरातल्या डोसच्या तक्त्यांचा मोठा भाग आजही या सूत्रावर उभा आहे. त्यानंतर १९९९, २००९ आणि २०२१ मध्ये आलेली सूत्रं हजारो लोकांवर तपासलेली आहेत, पण त्यांतले बहुसंख्य पाश्चात्त्य देशांतले. आपल्याकडच्या मोजमापांनी वेगळं चित्र दाखवलं आहे. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी किडनी दान करू पाहणाऱ्या निरोगी भारतीयांची गाळणक्षमता प्रत्यक्ष मोजली आणि २००५ मध्ये त्यांची सरासरी ८१.४ असल्याचं नोंदवलं. पुस्तकातला ‘नॉर्मल’ शंभरच्या वर असतो. कमी स्नायू, कमी मांसाहार, लहान चण असलेल्या आपल्या लोकांत ही सूत्रं किडनीची ताकद वाढवून सांगतात, असं नंतरच्या भारतीय अभ्यासांतही आढळलं आहे. ज्या लोकांवरून सूत्रं बनली त्यांच्यातही दहातल्या एका-दोघांत ती ३० टक्क्यांहून जास्त चुकतात. तेव्हा ३१ आणि २९ यांच्यामध्ये जणू भिंत आहे असं मानून डोस निम्मा करणं किंवा न करणं, यात शास्त्रापेक्षा तक्त्याच्या रेघेचा मान जास्त राखला जातो.

सूत्राची याहून मोठी अडचण काळाची आहे. किडनी आज सकाळी पूर्ण थांबली तरी क्रिएटिनिन एका दिवसात साधारण १ ते १.५ नं वाढतं. आज १.८ आलेला रुग्ण मध्यम बिघाडाचा असेल किंवा त्याची गाळणी शून्यावर आलेली असेल. कागदावर दोघे सारखेच दिसतात. उलट पाणी भरून निघाल्यावर किडनी सावरते तेव्हा क्रिएटिनिन मागे रेंगाळतं. लघवी चांगली सुटलेली असते आणि रिपोर्ट मात्र कालच्याच दुखण्याचा असतो. म्हणून अशा रुग्णात सूत्राच्या उत्तरापेक्षा दोन गोष्टी जास्त बोलतात. एक, आकडा चढतो आहे की उतरतो आहे. दोन, तासागणिक लघवी किती होते आहे. लघवीची पिशवी आणि नोंदीचा तक्ता प्रत्येक वॉर्डात असतो. डोस ठरवताना तो क्वचितच उघडला जातो.

आता या वादातल्या कमी ऐकल्या जाणाऱ्या बाजूकडे वळू. डोस जास्त झाला तर दुष्परिणाम दिसतो, डॉक्टरचं नाव निघतं. डोस कमी पडला आणि रुग्ण दगावला, तर केसपेपरवर कारण लिहिलं जातं सेप्सिस. औषध कमी पडलं असं कुणी लिहीत नाही, कारण ते कुणाला दिसलेलंच नसतं. सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम या महागड्या अँटिबायोटिकच्या चाचणीत ते योगायोगानं दिसलं. पोटातल्या गंभीर जंतुसंसर्गाच्या रुग्णांत हे औषध मेरोपेनेमच्या तोडीचं ठरलं. पण ज्यांची गाळणक्षमता सुरुवातीला ३० ते ५० होती, त्यांच्यात बरं होण्याचं प्रमाण ४५ टक्के निघालं, मेरोपेनेमच्या गटात ते ७४ टक्के होतं. दोन्ही गटांत रुग्ण तीस-पस्तीसच होते, त्यामुळे आकड्यांना फार ताणू नये. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ही सूचना माहितीपत्रकात छापायला लावली, आणि पुढं त्या गटासाठी मात्रा वाढवून सांगितली गेली. एक उलगडा असा, की यांतल्या काहींची किडनी एक-दोन दिवसांत सुधारली, पण कापलेला डोस तसाच राहिला. २०१९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ‘क्लिनिकल इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकात याच मुद्द्याची छाननी केली. जंतुसंसर्ग घेऊन आणि किडनीचा तात्पुरता बिघाड घेऊन दाखल झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ५७ टक्क्यांची किडनी ४८ तासांत सावरलेली होती. ज्या औषधांत सुरक्षित आणि घातक पातळीमध्ये भरपूर अंतर आहे, अशा पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन कुळातल्या अँटिबायोटिक्सची मात्रा पहिले ४८ तास कापू नये, असं त्यांनी सुचवलं.

हा सल्ला मराठवाड्याला अधिक लागू पडतो असं माझं मत आहे. कोरडं पडणं, ताप, जुलाब यांनी आलेला किडनीचा बिघाड हा परतणारा असतो, वेळेवर सलाईन मिळाली तर बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत परततो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं लातूर याच भागातलं शहर आहे. इथल्या उन्हाळ्यातल्या अनेक रुग्णांच्या किडनीचं पहिलं औषध पाणी आणि मीठ हेच असतं. अशा रुग्णाचं पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम पहिल्याच दिवशी ४.५ ग्रॅमवरून २.२५ वर आणणं म्हणजे किडनी सुधारेल यावर आपलाच विश्वास नसल्याचं दाखवणं आहे.

यावर अनुभवी डॉक्टर जो आक्षेप घेतील तो वजनदार आहे. ४८ तासांच्या नियमामागं नीट पारखलेली, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नाही, आणि ‘भरपूर अंतर’ हा शब्द फसवा आहे. सेफेपिम त्याच कुळातलं आहे, तरी किडनी बिघडलेल्या रुग्णांत त्यानं बेशुद्धी आणि वरून न दिसणारे झटके येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१२ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता. आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच नियम कुळाचा नको, औषधाचा हवा. सेफ्ट्रियाक्सोनला हात लावायचा नाही. पिपरासिलिन आणि मेरोपेनेम दोन दिवस पूर्ण. सेफेपिमचा पहिला डोस पूर्ण, पण त्यापुढं सावध, आणि रुग्ण बरळू लागला तर संशय आधी औषधावर. जेंटामायसिन, अमिकासिन, कोलिस्टिन ही किडनीलाच इजा करणारी, तेव्हा पर्याय असेल तर ती नकोतच. द्यावीच लागली तर पहिला डोस पूर्ण, आणि जेंटामायसिन-अमिकासिनचा पुढचा उशिरा. या दोन औषधांत मात्रा बारीक करण्यापेक्षा दोन डोसांमधलं अंतर वाढवणं चांगलं, कारण त्यांचा परिणाम उंच चढलेल्या पातळीवर आणि विषारीपणा न उतरलेल्या पातळीवर अवलंबून असतो. व्हॅन्कोमायसिनची पातळी रक्तात मोजून डोस ठरवावा असं २०२० चे अमेरिकी निर्देश सांगतात. ती सोय हाताशी नसेल तिथं रोज क्रिएटिनिन आणि लघवी पाहिल्याशिवाय पुढची व्हायल लावू नये.

अँटिबायोटिकच्या बाहेर मात्र कापण्यात उशीर नको. तिथं थांबण्यानं काही वाचत नाही. इन्शुलिन स्वतः किडनीवाटे नष्ट होतं. किडनी बिघडली की नेहमीचीच युनिट्स जास्त पडतात आणि पहाटे साखर उतरते. ग्लिबेनक्लामाइडनं उतरलेली साखर तर ग्लुकोज चढवल्यावरही पुन्हा पुन्हा घसरते. मेटफॉर्मिन गाळणक्षमता ३० च्या खाली असेल तर बंद, ३० ते ४५ मध्ये नव्यानं सुरू करायचं नाही. एनॉक्सापॅरिन ३० च्या खाली दिवसातून दोनदाऐवजी एकदा. मॉर्फिनचे शरीरात बनणारे अंश साठून श्वास मंदावतो. पायांच्या आगीसाठी दिलेल्या गॅबापेंटिन-प्रीगॅबालिननं म्हातारी माणसं दिवसदिवस गुंगीत पडून राहतात, आणि नातेवाईक समजतात की आजार वाढला. या यादीतली औषधं फार तर डझनभर आहेत. ती प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर मावतात.

दुसरा आक्षेप साधनांचा. रेसिडेंटकडे तीस-चाळीस खाटा, रात्रभर जागरण, क्लिनिकल फार्मासिस्ट नाही, नेफ्रॉलॉजिस्टचं मत हवं तर रुग्ण सोलापूरला, पुण्याला किंवा हैदराबादला हलवायचा. इथं रोजचा हिशेब कोण करणार? संगणकानं प्रश्न सुटेल असं मानणाऱ्यांनी बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधला अभ्यास पाहावा. तो २००१ मध्ये ‘जामा’त आला. डॉक्टर औषध लिहीत असतानाच संगणक किडनीनुसार मात्रा सुचवी. योग्य मात्रेच्या औषधांचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयातला मुक्काम सरासरी ४.५ दिवसांवरून ४.३ वर आला. सुधारणा मोठी आहे. पण सूचना समोर झळकत असूनही जवळजवळ निम्म्या ठिकाणी मात्रा बरोबर नव्हतीच. यंत्र असलं तरी विचारणारं माणूस लागतं. फार्म-डी हा रुग्णालयातल्या औषधांसाठीच आखलेला सहा वर्षांचा अभ्यासक्रम देशात २००८ पासून आहे, तो पूर्ण केलेली मुलं-मुली महाराष्ट्रातही आहेत, पण सरकारी वॉर्डात त्यांना जागा नाही. डॉक्टर होण्याची स्वप्नं घेऊन राज्यभरातली मुलं ज्या लातुरात शिकवण्यांना येतात, तिथं रुग्णाच्या खाटेजवळ औषधाचा हिशेब तपासणारा एक माणूस नेमणं अवघड नसावं.

पण माणूस येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. सूत्राला तीन गोष्टी लागतात आणि त्यांतल्या दोन फुकट आहेत. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचं वजन केसपेपरवर सहसा नसतं, आणि म्हाताऱ्या माणसांचं वय ‘६०’ किंवा ‘६५’ असं गोल आकड्यात लिहिलेलं असतं. वर आलेल्या त्या बाईचं वजन अंदाजे ६० धरलं की ३१ चे ४४ होतात. वय खरं ७५ असेल तर ३१ चे २७ होतात, आणि एनॉक्सापॅरिनची इंजेक्शनं दोनाची एक होतात. वजन घेणं सरकारी यंत्रणेला जमत नाही, असं म्हणता येणार नाही. क्षयरोग कार्यक्रमात प्रत्येक रुग्णाचं वजन नोंदलं जातं, कारण गोळ्यांची संख्याच वजनगटावर ठरते. ३५ ते ४९ किलोला चार औषधांच्या एकत्रित तीन गोळ्या, म्हणजे रोज ८२५ मिलिग्रॅम इथॅम्ब्युटॉल. औषध वजनाला बांधलं की वजन आपोआप लिहिलं जातं. याच उदाहरणात अडचणही दिसते. किडनी खूप बिघडलेल्या क्षयरुग्णाला रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड रोज पूर्ण द्यायचं, पण इथॅम्ब्युटॉल आणि पायराझिनामाइड आठवड्यातून तीनदाच. एकत्रित गोळीत ते वेगळं करता येत नाही, आणि इथॅम्ब्युटॉल साठलं तर नजर जाते. अशा रुग्णासाठी सुट्या गोळ्या मागवाव्या लागतात, आणि ते पहिल्या आठवड्यातच लक्षात यायला हवं.

रोज मात्रा बदलली तर सिस्टरांचा गोंधळ होईल, चुका वाढतील, हाही आक्षेप येतो. औषध प्रत्यक्ष देणारी ती माणसं आहेत, म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवं. वाटेल तेव्हा बदललेला डोस धोक्याचा असतो. सकाळच्या राउंडला, क्रिएटिनिन आणि चोवीस तासांची लघवी हाती आल्यावर, फक्त त्या डझनभर औषधांपुरता, जुनी ओळ खोडून नवी ओळ तारखेनिशी लिहिली, तर बदल दिवसातून एकदाच होतो आणि का झाला हे वाचता येतं. डायलिसिसच्या रुग्णांनाही हेच लागू. आठवड्यातल्या डायलिसिसच्या दिवशी व्हॅन्कोमायसिन यंत्रावर चढण्याआधी दिलं तर त्यातलं बरंचसं पाण्यात वाहून जातं. ते नंतर द्यायचं, आणि तशी वेळ कागदावर असायची.

सगळ्यात ढिला दुवा डिस्चार्जचा आहे. दवाखान्यात कापलेली मात्रा घरीही तशीच चालू राहते, बंद केलेलं मेटफॉर्मिन किंवा टेल्मिसार्टन पुन्हा कधी सुरू करायचं हे कुणी सांगत नाही, आणि गावातला डॉक्टर कार्ड पाहतो तेव्हा त्याला शेवटचं क्रिएटिनिन तरी दिसतं का, हा प्रश्न उरतो. कार्डावर दाखल होतानाचं आणि जातानाचं क्रिएटिनिन, वजन, तात्पुरती बदललेली औषधं आणि पुढच्या रक्ततपासणीची तारीख एवढं असावं. तपासणी आठवडाभरात जवळच्या ग्रामीण रुग्णालयात होऊ शकते. आणि खाली मराठीत, नावांनिशी लिहिलेलं असावं, की डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, नायमेसुलाइड या गोळ्या किंवा इंजेक्शनं डॉक्टरांना किडनीबद्दल सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. अंग दुखलं तर सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल चालतं.